दुष्काळी भागाच्या विकासासाठी अर्थसंकल्पाचा अग्रक्रम

(पंचायत राज संस्थांचे सदस्य, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर एका जिल्हा माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थसंकल्प हा विषय सर्वसामान्य माणसाला रुक्ष वाटतो. लेखाशीर्षे, नियतव्यय, पुनर्विनियोजन असे शब्द कानांवर पडू लागले की सभेतील निम्मे श्रोते मनाने घरी जातात. मी स्वतः अर्थशास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, आणि शासनाच्या योजना जनतेपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. या कामाच्या निमित्ताने गेली अनेक वर्षे तरतुदींच्या बातम्या माझ्या हाताखालून जात आहेत. त्यांत मला एक गोष्ट वारंवार आढळली. दुष्काळी भागासाठी किती कोटींची तरतूद झाली, हा प्रश्न सर्वजण विचारतात. त्या कोटींतील पहिला रुपया कशावर खर्च व्हावा, दुसरा कशावर, आणि तो कोणत्या महिन्यात हाती पडावा, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आज मी या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

दुष्काळी भाग म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर माणदेश आणि त्याला लागून असलेला मुलूख आहे. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ व जत आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोले हे ते तालुके होत. मराठवाड्यातील किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रोत्यांना यातील बरेचसे आपल्या गावचेच वाटेल. तथापि एक विशिष्ट मुलूख समोर ठेवून बोलले म्हणजे बोलणे हवेत राहत नाही.

महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यात, तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला असलेल्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. सह्याद्रीने ढग अडविले, की पलीकडे उरते ती पर्जन्यछाया. हा पाचशे मिलिमीटरसुद्धा वेळेवर येईल याचा भरवसा नाही. या भागाची खरी भिस्त परतीच्या पावसावर. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात पडला तर रब्बीची ज्वारी उभी राहते, नाही पडला तर वर्ष गेले.

सरासरीच्या हिशेबाने या तालुक्यांचे एक वेगळेच नुकसान केले आहे. राज्यातील प्रादेशिक असमतोलाचा पहिला पद्धतशीर हिशेब प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये मांडला. त्या समितीचे ऋण मोठे आहे. ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो तिच्यामुळे. परंतु तिचे मोजमाप जिल्हा हा घटक धरून होते. कृष्णाकाठचे कराड आणि दुष्काळी माण एकाच जिल्ह्याच्या सरासरीत बसविले, की माणची तहान कराडच्या उसाखाली झाकली जाते. पुढे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली, तेव्हाही हा मुलूख ‘उर्वरित’ या नावाच्या मोठ्या पोत्यात गेला. तेव्हा अग्रक्रमाची पहिली अट अशी की मोजणी तालुक्यापर्यंत आणि शक्य तेथे गावाच्या शिवारापर्यंत खाली आली पाहिजे.

पाण्याचा साधा हिशेब

शिक्षक मंडळी येथे आहेत म्हणून एक हिशेब मांडतो. सातवीच्या वर्गात तो सहज सोडविता येईल. एका हेक्टरवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५० लाख लिटर पाणी पडले. एक हजार हेक्टरांचे शिवार असलेल्या गावावर वर्षाला ५०० कोटी लिटर पडले. या गावाची वस्ती दोन हजार आहे आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी द्यायचे आहे असे समजू. वर्षाची गरज झाली सुमारे चार कोटी लिटर. आकाशातून जे आले त्याच्या एक टक्क्याहूनही हे कमी आहे. पडलेल्या पावसातील मोठा भाग मातीत मुरतो, पिके घेतात, उन्हाने उडून जातो आणि काही वाहून जातो हे मान्य करूनही, एक टक्का पाणी गावाला पिण्यासाठी उरू नये आणि एप्रिलमध्ये टँकर लागावा, याचे संपूर्ण खापर आकाशावर फोडता येणार नाही.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोचक आहे. पाटाने भिजविलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक पाणी लागते. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि दोन हजार माणसे यांची वर्षाची तहान एकाच मापाची. ऊस लावणाऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या पिकाला खात्रीचे गिऱ्हाईक आहे, ते पीक शेतकरी घेणारच. परंतु कोट्यवधी रुपये खर्चून आणलेले पाणी कोणाच्या, किती एकरांत आणि कोणत्या पिकाला जाणार, हे ठरविल्याशिवाय केलेली तरतूद अर्धवटच म्हणावी लागेल.

सुरू केलेले काम आधी पुरे करावे

आता खर्चाच्या क्रमाकडे वळू. माझ्या मते पहिला रुपया अपूर्ण कामावर जावा. या भागाला कृष्णेचे पाणी उचलून देणाऱ्या टेंभू, म्हैसाळ, ताकारी, जिहे-कठापूर या योजनांची नावे येथे सर्वांना पाठ आहेत. काही गावांत तर ती आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांना पाठ आहेत! टेंभू योजनेला १९९६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा तिचा अंदाज सुमारे चौदाशे कोटी रुपयांचा होता. २०१७ पर्यंत तो चार हजार कोटींच्या पुढे गेला. यात कार्यक्षेत्राची वाढ आहे, भूसंपादनाचे वाढलेले दर आहेत, महागाई आहे. परंतु एकाच वेळी अनेक कामे उघडावयाची आणि प्रत्येकाच्या ओंजळीत थोडे थोडे टाकावयाचे, ही आपली जुनी सवयही त्याला कारणीभूत आहे. दहा कामांना दरवर्षी दहावा हिस्सा दिला, तर दहाही कामांचे पाणी एकदमच लांबते, आणि मध्यंतरी गुंतलेला पैसा एका एकरालाही ओलावा देत नाही.

याची जाणीव धोरणकर्त्यांना झालेली नाही असे नाही. केंद्राने १९९६-९७ मध्ये रखडलेल्या पाटबंधारे प्रकल्पांसाठी त्वरित लाभाचा कार्यक्रम सुरू केला. २०१६ मध्ये देशातील ९९ प्रकल्प निवडून त्यांना अग्रक्रम दिला, त्यांपैकी २६ महाराष्ट्रातील होते. २०१८ मध्ये बळीराजा जलसंजीवनी योजनेखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागांतील ९१ प्रकल्पांना केंद्रीय साहाय्य मंजूर झाले. दिशा योग्य आहे. प्रश्न उरतो तो शेवटच्या टप्प्याचा. धरण, पंपगृह आणि मुख्य कालवा झाला, की छायाचित्रे निघतात, कोनशिला बसते आणि सर्वांचे लक्ष पुढील कामाकडे वळते. वितरिका, पोटचाऱ्या आणि शेतापर्यंतची बंदिस्त नलिका ही कामे मागे राहतात. रुपयातील पंच्याण्णव पैसे खर्च झाले आणि उरलेल्या पाच पैशांवाचून पाणी मुख्य कालव्यातच राहिले, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पंच्याण्णव पैसेही खर्च झालेले नाहीत.

या ठिकाणी एक आक्षेप येणार आणि तो मी टाळू इच्छित नाही. “ज्यांचे काम सुरू आहे त्यांनाच आधी द्यायचे, तर ज्यांच्याकडे कुदळही लागली नाही त्यांनी किती वर्षे वाट पाहायची?” जत तालुक्याच्या पूर्व भागातील माणूस हे विचारील आणि त्याला तो अधिकार आहे. तेथील सुमारे चाळीस गावांनी २०१२ मध्ये पाण्याअभावी शेजारच्या कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. २०२२ च्या अखेरीस ती गोष्ट पुन्हा चर्चेत आली आणि म्हैसाळच्या विस्तारित योजनेला गती मिळाली. महाराष्ट्राच्या निर्मितीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला पाण्यासाठी राज्य बदलावेसे वाटावे, ही आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी घटना होती. म्हणून पिण्याचे पाणी या क्रमाच्या वर आहे आणि त्याला रांग नाही, हे मी आधीच नोंदवितो. सिंचनाच्या बाबतीत मात्र माझे मत कायम आहे. अपूर्ण योजना जितक्या लवकर पुऱ्या होतील तितक्या लवकर त्यांत अडकलेला पैसा, यंत्रणा आणि अभियंते पुढच्या गावासाठी मोकळे होतील. नव्या गावाला केवळ भूमिपूजनाचा नारळ देऊन आपण त्याच्यावर उपकार करीत नाही.

बरगे, गळती आणि मार्चअखेर

दुसरा रुपया देखभालीचा. हा विषय सर्वांत उपेक्षित आहे, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घेतो.

आपल्या ओढ्यांवर आणि नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांची कल्पना मोठी सोपी आहे. पावसाळ्यात दारे मोकळी ठेवायची, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या मध्याला, खांबांच्या खाचांत बरगे बसवायचे, म्हणजे परतीच्या पावसाचे वाहते पाणी अडते. जूनपूर्वी ते पुन्हा काढून ठेवायचे. बंधाऱ्याचे सारे यश या दोन कृतींवर अवलंबून आहे. बरगे वाकले, गंजले, चोरीला गेले, त्यांच्या कडेचे रबर झिजले किंवा ते महिनाभर उशिरा बसले, तर लाखो रुपयांचे दगडी बांधकाम म्हणजे नदीपात्रातील नुसते खांब होत. बरगे दुरुस्त करणे, बसविणे, काढणे आणि राखणे यांचा खर्च नव्या बंधाऱ्याच्या तुलनेत किरकोळ असतो. पण तो दरवर्षी लागतो, आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही.

त्यात वेळेचा घोटाळा आहे. निसर्गाचे वर्ष आणि कोषागाराचे वर्ष यांचा मेळ नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव जातो, अंदाजपत्रक होते, तांत्रिक मान्यता मिळते, आणि पैसा पुष्कळदा मार्चच्या सुमारास हाती पडतो. बरगे ऑक्टोबरात हवे होते. मार्चमध्ये ओढ्यात अडवायला पाणीच नसते. तलावांतील गाळाचे याउलट आहे. गाळ काढायला एप्रिल आणि मे हे दोनच महिने मिळतात, आणि नेमके तेव्हा नवे वर्ष उघडून निधीचे वितरण सुरू व्हायचे असते. म्हणून माझी सूचना अशी की दुष्काळी तालुक्यांच्या देखभालीची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेत वेगळी दाखवावी आणि तिचे दोन हप्ते निसर्गाच्या दिनदर्शिकेप्रमाणे, एक एप्रिलच्या आरंभी आणि दुसरा सप्टेंबरात, सोडावेत. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. लागतो तो आपल्या कार्यालयीन सवयीत बदल.

देखभालीकडे दुर्लक्ष होण्यास एक ऐतिहासिक कारणही आहे. अनेक दशके आपला खर्च योजनांतर्गत आणि योजनेतर अशा दोन भागांत मांडला जात असे. योजनांतर्गत म्हणजे विकास आणि योजनेतर म्हणजे नाइलाज, असा समज त्यातून रूढ झाला. नवा पाझर तलाव योजनांतर्गत आणि जुन्याच्या सांडव्याची दुरुस्ती योजनेतर! काटकसरीची वेळ आली की कात्री दुरुस्तीवर चालत असे. २०१७-१८ पासून हा भेद अर्थसंकल्पातून गेला. मनांतून तो गेला आहे काय, हे आपण प्रत्येकाने पाहावे.

याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. १९७२ च्या महादुष्काळात या भागाने लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, आणि देशाने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. त्या हातांनी खोदलेले पाझर तलाव, नाला बांध आणि समतल चर आजही शिवाराशिवारांत आहेत. त्यांतील किती पाणी धरतात आणि किती गाळाने भरले, याची तलावनिहाय नोंद किती पंचायतींकडे आहे? पुढे २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. लोकांचा सहभाग उत्साहाचा होता आणि अनेक गावांना त्याचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही सुमारे ९,६३४ कोटी रुपयांच्या खर्चानंतर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात जे दोष दाखविले, त्यांत झालेल्या कामांच्या देखभालीसाठी ग्रामपातळीवर निधी उभा न राहिल्याचा मुद्दा होता. २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्या अहवालातील देखभालीविषयीची पाने प्रत्येक ग्रामसेवकाने वाचावीत, असे मला वाटते.

उपसा योजनांची देखभाल म्हणजे मुख्यतः वीज. पाणी शेकडो फूट चढवायचे तर विजेचे देयक येणारच. थकबाकीमुळे पंप बंद आणि समोर पिके करपताहेत, असे प्रसंग या योजनांवर आले. गेल्या दशकात शासनाने देयकाचा ८१ टक्के भार स्वतः उचलण्याचा आणि १९ टक्के लाभधारकांकडून घेण्याचा निर्णय केला, त्यामुळे पुष्कळ दिलासा मिळाला. मात्र हा ८१ टक्क्यांचा भार कायमचा आहे. तो टंचाईच्या वर्षी आकस्मिक खर्च म्हणून शोधण्यापेक्षा दरवर्षी मूळ अर्थसंकल्पातच धरलेला बरा. उरलेले १९ टक्के वसूल होणे हे पाणी वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे मिळण्यावर अवलंबून राहील. न मिळालेल्या पाण्याची पट्टी कोणी आनंदाने भरत नाही.

वाटपाचा प्रश्न

पाणी आले आणि टिकले, तरी वाटप उरतेच. या बाबतीत महाराष्ट्राला कोणाकडून धडे घेण्याची गरज नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. हे नियम त्या काळात धाडसी होते, आणि आजही कमी धाडसी नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभा दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. सिंचनासाठी विंधन विहिरी तेथे ग्रामसभेनेच बंद केल्या. आटपाडी भागात श्रमिक मुक्ती दलाच्या चळवळीने टेंभूच्या पाण्याचे समन्यायी वाटप आणि बंद नलिकांतून वितरण यांचा आग्रह धरला. ही तीन उदाहरणे वेगवेगळ्या स्वभावाची आहेत. तिन्हींत समान काय, तर पैसा येण्यापूर्वी नियम ठरले.

आपल्याकडे कायद्यांची उणीव नाही. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा २००५ चा, भूजलाचा कायदा २००९ चा. परंतु पाणीवापर संस्थेच्या सचिवाला मानधन, पाणी मोजण्याचे साधन, विहिरींच्या पातळीची नोंद ठेवणारा माणूस, या बाबींसाठी अर्थसंकल्पात सहसा जागा नसते. त्यामुळे कायदा राजपत्रात आणि विंधन विहीर सातशे फुटांवर. शेततळ्यांचेही एक उदाहरण देतो. पावसाचे वाहते पाणी साठविणारे शेततळे ही उत्तम गोष्ट आहे. विहिरीतले पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्यात उन्हाखाली साठविणे मात्र गावाच्या ठेवीतून काढून स्वतःच्या खिशात टाकणे होय, आणि खिशाला उन्हाचे भोक आहेच. दोहोंना एकाच अनुदानाचे पात्र ठरविताना अधिकाऱ्यांनी हा फरक पाहावा.

ज्यांना कालवा कधीच मिळणार नाही

सर्व योजना पुऱ्या झाल्या, तरी या तालुक्यांतील पुष्कळ जमीन कोरडवाहूच राहील. तेथील शेतकऱ्याच्या वाट्याला अर्थसंकल्पातून काय येते? सोलापूर येथे १९३० च्या दशकापासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. जमिनीतील ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी ही या भूमीची देणगी आहे, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकन मिळाले म्हणून भाव मिळतोच असे नाही. साठवण, प्रतवारी आणि खात्रीची खरेदी यांवर झालेला खर्च येथे नव्या कालव्याइतकाच मोलाचा ठरेल.

जनावरांचे तसेच आहे. खिलार बैल आणि माडग्याळ मेंढी ही या मुलखाची ओळख, खरसुंडीचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. ज्वारीचा कडबा हा येथील खरा विमा. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि जनावरे वाचली, हे चांगले झाले. परंतु छावणी उघडली जाते ती चारा संपल्यावर आणि भाव चढल्यावर. सुगीच्या वर्षी कडबा घेऊन साठवण्याची तरतूद असेल तर तेच काम स्वस्तात होईल. टंचाई निवारणाचा खर्च आपण ‘अनपेक्षित’ म्हणून दाखवितो. दर तीन-चार वर्षांनी येणाऱ्या पाहुण्याला अनपेक्षित म्हणणे थोडे विनोदीच आहे.

डाळिंबाने सांगोले आणि आटपाडीत संपत्ती आणली, ती ठिबकाच्या आणि शेतकऱ्यांच्या हिकमतीच्या बळावर. तेल्या रोगाने अनेक बागा मोडल्या, तेव्हा रोगमुक्त रोपे आणि वेळेवरचा सल्ला यांची किंमत कळली. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्याचे ज्ञान बांधापर्यंत नेणारी माणसे मात्र मोजकी. पतपुरवठ्याच्या बाबतीत म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा दाखला आहे. १९९७ मध्ये उभी राहिलेली ही बँक पतपेढीच्या दारात उभे राहू न शकणाऱ्या स्त्रियांसाठी होती.

या भागातील माणसाला कष्टाचे आणि धाडसाचे धडे द्यायला नकोत. खानापूर, आटपाडीकडील माणसे गलाईच्या व्यवसायात पडली आणि सोने-चांदी गाळण्याचे कौशल्य घेऊन देशभर पसरली. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला येथे व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’ची आठवण होते. दुष्काळाने एक अख्खी वाडी कशी रिती होते, हे त्या कादंबरीत आहे. आता वाडी एकदम रिती होत नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या गाडीत दर आठवड्याला दोन-दोन तरुण चढतात, आणि गेलेल्यांची नोंद कोठेच होत नाही.

आपल्या हातातील पैसा

आता पंचायत सदस्यांसाठी थोडे. वरील पुष्कळ गोष्टी मंत्रालयात आणि जिल्हा नियोजन समितीत ठरतात, हे खरे. परंतु सर्वच नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानात साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती, आणि महाराष्ट्रात या अनुदानाचा ऐंशी टक्के हिस्सा थेट ग्रामपंचायतीकडे जात होता. त्या काळातील आपल्या गावाचा विकास आराखडा काढून पाहावा. त्यात नव्या कामांच्या किती ओळी आहेत आणि जुन्या कामांच्या दुरुस्तीच्या किती, हे मोजावे. यापुढील प्रत्येक आराखडा करताना ही मोजणी उपयोगी पडेल.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा आणि मुलांकडून रोज नोंद करून घ्यावी. गावातील चार विहिरी निवडून त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत दोरीने मोजावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, म्हणजे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहता येतील. पाण्याचा ताळेबंद मांडायला निघालेल्या ग्रामसभेला हाच पहिला कागद लागतो, आणि गावाची मागणी घेऊन सरपंच जिल्ह्याला जातात तेव्हा तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा तीन वर्षांची वही अधिक वजनदार ठरते.

सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे एक यादी ठेवावी. गावात किती बंधारे, प्रत्येकाचे बरगे किती, त्यांपैकी धड किती, ते कोठे ठेवले आहेत, किल्ली कोणाकडे, रबर कधी बदलले, आणि बसविण्यासाठी किती माणसे व किती दिवस लागतात. पाझर तलावांच्या बाबतीत सांडवा शाबूत आहे की नाही आणि भिंतीवर झाडे वाढली आहेत काय, एवढे लिहिले तरी पुरे. रकमेचा आकडा त्याच सभेत मंजूर करून घ्यावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर दोन महिने मिळतात. लोहाराकडून बरगे सरळ करून आणायला आणि नवे घडवून घ्यायला तेवढे पुरतात. जेथे बंधारा जिल्हा परिषदेच्या किंवा जलसंधारण विभागाच्या ताब्यात आहे, तेथे ही यादी उपअभियंत्याकडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचावी आणि तिची पोच घ्यावी.